जबाबदार व्यक्ती : सर्वजण

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा पहिले आठ दिवस लोकांनी ती बंद असल्याचं एकमेकांना सांगितलं. पुढचे आठ दिवस ती कुणामुळे बंद पडली ते सांगितलं. मग सगळे मुकाट्याने जिने चढायला लागले आणि विषय संपला. चौथ्या मजल्यावर आमचे बाबा तेवढे अडकून राहिले.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं, तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलंडली. बाबा कठड्याला धरून कसेबसे वाचले. घरात आल्यावर म्हणाले, "आता उतरलो तर लिफ्टने उतरेन. कपाट उतरवतात तसा उतरणार नाही." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे चार महिने ते खिडकीतच होते.

खिडकीसमोर रस्त्यापलीकडे न्हावीकाकांचं दुकान. दोन खुर्च्या, लांबट आरसा, दारात बाकडं. पस्तीस वर्षांपूर्वी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आमचे बाबा. तेव्हापासून त्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. आता काका रोज सकाळी दारात येऊन टॉवेल झटकायचे, बाबा खिडकीतून हात वर करायचे. काकांना दम लागायचा, एक जिना चढला तरी बसावं लागायचं, म्हणून तेही वर येऊ शकत नव्हते. दोन म्हाताऱ्यांची अशी टॉवेलवर दोस्ती चालली होती.

एक दिवस काकांनी मला रस्त्यात थांबवलं. "बाबांना सांग, मी दुकान बंद करतोय. हात थरथरतो. लेकीकडे जाऊन राहणार. आजपासून सातवा रविवार, तो शेवटचा दिवस. पहिलं डोकं त्यांचं होतं, शेवटचंही त्यांचंच करीन. तोवर म्हणावं, डोकं कुणाला देऊ नका."

मी निरोप सांगितला. बाबांनी केसांवरून हात फिरवला. केस तेव्हाच कानांवर आले होते. "देत नाही," म्हणाले. "तू लिफ्टचं बघ."

मी बघायला गेलो. ही माझी पहिली चूक नव्हे, पण सुरुवात इथून झाली.

गृहनिर्माण कार्यालयातल्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही इमारतीचे प्रतिनिधी का?"

"नाही. चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू."

"तक्रार प्रतिनिधीमार्फत यावी लागते."

"मग मी होतो प्रतिनिधी."

"प्रतिनिधी प्रशिक्षित असावा लागतो," असं म्हणून त्याने ड्रॉवरमधून एक चकचकीत पत्रक काढलं. स्थानिक नेतृत्व विकास कार्यक्रम, खास प्रौढांसाठी. सहा रविवार. चहा-बिस्किटांची सोय. पत्रकावर सहा माणसं आकाशाकडे बोट दाखवून हसत होती. तिथे काय दिसत होतं कोण जाणे.

बायकोने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. ती दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत काम करते. सुई खुपसायची, बाटली भरायची, पुढचा. बोलण्याची पद्धतही तीच. म्हणाली, "लिफ्ट दुरुस्त करायला पुढारी कशाला लागतो? लिफ्टवाला लागतो."

"तुला पद्धत कळत नाही," मी म्हणालो. माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. पद्धत मला तरी कुठे कळत होती?

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही चोवीस जण गोल करून बसलो. शिकवणाऱ्या मॅडम उत्साही होत्या. इतक्या, की त्यांच्याकडे बघूनच थकायला व्हायचं. "इथे कुठलंच उत्तर चूक नसतं," त्या म्हणाल्या. मग प्रत्येकाने आपण प्राणी असतो तर कोणता असतो ते सांगायचं होतं. अकरा जण सिंह निघाले. मी बैल म्हणालो, तर मॅडम म्हणाल्या, "वा, किती प्रामाणिक." उत्तर चूक नव्हतं हे मला पुढे पटलं.

माझ्या गटात दोन माणसं लक्षात राहण्यासारखी होती. एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांचं प्रत्येक वाक्य "मुद्दा क्रमांक एक" असं सुरू व्हायचं, आणि मुद्दा क्रमांक दोन कधी यायचा नाही. त्यांना आम्ही मुद्देसाहेब म्हणायचो. दुसऱ्या विमावाल्या ताई. त्या प्रत्येकाचं दुःख मन लावून ऐकायच्या आणि जाताना हातात एक माहितीपत्रक ठेवायच्या.

पहिल्याच रविवारी ऐकण्याचा सराव झाला. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड न घालता मान हलवायची. मी ताईंना लिफ्टचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं. आजवर कुणी माझं तीन मिनिटं सलग ऐकलं नव्हतं. दुकानात लोक मशीन टेबलावर आदळून "टाका सुटतो, संध्याकाळपर्यंत द्या" एवढंच बोलतात. मॅडमनी मला तेच सगळ्यांसमोर माईकवर बोलायला लावलं. ताईंचे डोळे भरून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. घरी येताना मी जिने चढलोय हे मला चौथ्या मजल्यावर कळलं.

दुसऱ्या रविवारी गटाने आपल्या प्रकल्पासाठी समस्या निवडायची होती. रंगीत टिकल्या चिकटवून मतदान झालं. भटकी कुत्री, रस्त्यावरचे दिवे, बंद लिफ्ट. लिफ्टला सर्वांत जास्त टिकल्या पडल्या. मला घरचंच कुणीतरी परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या रविवारी समस्येचं झाड काढलं. मुळांमध्ये कारणं लिहायची. संवादाचा अभाव, सहभागाचा अभाव, विश्वासाचा अभाव. मी म्हणालो, "मशीन बंद पडलं की मी आधी झाकण काढून बघतो. लिफ्टचं झाकण कुणी काढलंय का?" मॅडम समजुतीने हसल्या. "बघा, आपण लगेच उपायावर उडी मारतोय." सगळ्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि मी ओशाळून आणखी एक मूळ काढलं. त्यात मालकीभावनेचा अभाव असं लिहिलं.

चौथ्या रविवारी जबाबदारी वाटपाचा तक्ता झाला. मोठा कागद, तीन रकाने. काम, तारीख, जबाबदार व्यक्ती. सादरीकरण माझ्याकडे, छायाचित्रं ताईंकडे, प्रास्ताविक मुद्देसाहेबांकडे. शेवटची ओळ होती 'पाठपुरावा'. तिच्यापुढे कुणाचं नाव लिहायचं यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण एकाचंच नाव लिहिलं तर बाकीच्यांना परकं वाटेल. शेवटी मुद्देसाहेबांनी तोडगा काढला. सुबक अक्षरात लिहिलं, 'सर्वजण'. मॅडमनी त्या शब्दाभोवती हृदय काढलं.

तोवर घरात माझं बोलणं बदललं होतं. एका सकाळी बायको म्हणाली, "दूध संपलंय."

मी तिच्याकडे वळून, हात मांडीवर ठेवून म्हणालो, "तुला नक्की काय वाटतंय ते मी समजून घेतोय."

"मला दूध संपलंय असं वाटतंय," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या अंगावर टाकली.

बाबांचे केस मानेवर रुळायला लागले होते. चेहरा लहान दिसायला लागला होता. शिवाय ते सारखे डोकं खाजवायचे. मी त्यांना म्हणालो, "निदान मागचे तरी मी थोडे कापतो."

"बोलणं झालंय आमचं," बाबा म्हणाले. "किती रविवार राहिले?"

"दोन."

पाचव्या रविवारनंतर गट आमच्या घरी क्षेत्रभेटीला आला. मुद्देसाहेब धापा टाकत दारात टेकले आणि त्यांची नजर बाबांवर पडली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला आधी वाटलं जुनी ओळख निघाली. "मुद्दा क्रमांक एक," ते म्हणाले, "यांचे केस कापू नका. असेच राहू द्या. आपल्या समस्येला चेहरा मिळाला." ताईंनी बाबांना खिडकीत बसवून फोटो काढले. "आजोबा, जरा बाहेर बघा. हसू नका." बाबा हसत नव्हतेच.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "हे लोक लिफ्टचं काय करणार आहेत?"

"मांडणार आहेत," मी म्हणालो.

"कुठे?"

मी चहा टाकायला आत गेलो.

मग गुरुवार आला. त्या गुरुवारबद्दल मी कधी कुणाला धड सांगितलेलं नाही.

शेवटच्या रविवारी सकाळी कार्यक्रमाची मूल्यमापन समिती इमारतीत येऊन समस्या प्रत्यक्ष बघणार होती. म्हणून गुरुवारी चार वाजता आम्ही तळमजल्यावर रंगीत तालीम करत होतो. लिफ्टच्या दाराला आम्ही 'एक बंद दार, अनेक बंद आयुष्यं' असं पोस्टर लावलं होतं. मी हात पसरून वाक्य म्हणत होतो, तेवढ्यात खांद्यावर हत्यारांची पिशवी घेतलेला एक माणूस येऊन उभा राहिला. आमचं होईपर्यंत सभ्यपणे थांबला, आणि म्हणाला, "ते पोस्टर जरा काढता का? लिफ्ट बघायचीय."

झालं होतं असं की बायकोने आदल्या दिवशी लिफ्टच्या जाळीच्या दारातून आत टॉर्च मारला होता. बटणांच्या वर पत्र्याच्या पट्टीवर कंपनीचा नंबर होता. त्यावर कुणीतरी पाण्याच्या टाक्या साफ करून देण्याची जाहिरात चिकटवली होती. तिने जाळीतून फूटपट्टी घालून ती खरवडली आणि फोन लावला. बस. मी लिफ्टवाल्याला विचारलं, "प्रतिनिधी लागत नाही?"

"कसला प्रतिनिधी? कुणीही फोन करावा. चार महिने कुणी केलाच नाही." त्याने दाराजवळचं खोकं उघडून आत बघितलं. "दाराचा संपर्क गेलाय. भाग आहे माझ्याकडे. दीड तासाचं काम."

दीड तास. मी खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच क्षणी मी मुद्देसाहेबांच्या तोंडाकडे बघितलं. गटातल्या सगळ्यांचेच चेहरे पडले होते. रविवारी समिती येणार आणि लिफ्ट चालू. मग दाखवायचं काय? समितीला वर न्यायचं कशाने? लिफ्टने?

"मुद्दा क्रमांक एक," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "सहा आठवड्यांचं काम आहे. मुळात, दुरुस्ती तीन दिवसांनी झाली म्हणून काही बिघडत नाही. रविवारी बाराला समिती जाईल. दोनला लिफ्ट सुरू. संध्याकाळी तुमचे बाबा न्हाव्याच्या खुर्चीत. उलट किती छान शेवट होईल."

ताई म्हणाल्या, "एकमताने ठरवू या. कुणावर लादायला नको."

हात वर झाले. मी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. मग पोस्टरवरच्या माझ्या वाक्याकडे पाहिलं. ते मला पाठ झालं होतं, आवाज कुठे खाली आणायचा हेही ठरलं होतं. आणि मी हात वर केला. कुणी माझा दंड धरून वर केला नाही. मीच केला.

"रविवारी दुपारी या," साहेब लिफ्टवाल्याला म्हणाले. "नक्की वेळ आम्ही फोनवर कळवतो."

"रविवारी मी नसतो. पण आधी कळवलंत तर बघतो," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून गेला.

बायको संध्याकाळी आली. "आला नाही का तो?"

"रविवारी येतोय," मी म्हणालो. यातला शब्दही खोटा नव्हता, आणि मी तिच्या डोळ्यांत बघत नव्हतो.

रविवारी समितीचे तिघे चार मजले चढले. अध्यक्षीणबाई तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसल्या. मुद्देसाहेब म्हणाले, "बघा, समस्येचा अनुभव." वर बाबा नवीन सदरा घालून तयार बसले होते. समितीसाठी नव्हे, दुकानासाठी. मी बोललो. आवाज ठरल्या जागी खाली आणला. अध्यक्षीणबाईंनी डोळे टिपले. हॉलवर गेल्यावर आमच्या गटाला उत्कृष्ट प्रकल्प म्हणून जाहीर केलं, आणि मला सन्मानचिन्ह मिळालं. आरशासारखी चकाकणारी पितळी पाटी, लाकडावर बसवलेली. 'उत्कृष्ट समुदाय नेतृत्व', आणि खाली माझं नाव कोरलेलं. नाव आधीच कोरून तयार होतं, म्हणजे समिती उगाचच जिने चढली होती.

अडीच वाजता घरी आलो. लिफ्ट बंदच. मी मुद्देसाहेबांना फोन केला. "लिफ्टवाल्याला वेळ कळवली ना?"

"मी? पाठपुरावा माझ्याकडे नव्हता."

"मग कुणाकडे होता?"

"तक्त्यात बघा ना. सर्वजण."

ताईंना वाटलं होतं साहेबांनी कळवलं. बाकीच्यांना वाटलं ताईंनी. मला वाटलं होतं कुणीतरी. लिफ्टवाल्याचा फोन बंद होता, रविवार होता त्याचा.

चार वाजले, पाच वाजले. बाबा खिडकीत बसून होते. समोर काकांनी एक खुर्ची आधीच विकली होती, उरलेल्या खुर्चीवर पांढरं कापड घालून ते दारात उभे होते. गिऱ्हाईक आलं की हात जोडून परत पाठवत होते. साडेपाचला बाबांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "खुर्ची आण."

"कुठली?"

"ती कपाटासारखी उतरवायची."

मी शेजारी धावलो. निम्मी घरं बंद, उरलेल्यांत बायामाणसं आणि एक आजारी गृहस्थ. गटाला फोन लावले, तर सगळे हॉलवर समूहछायाचित्राला थांबले होते आणि मी लवकर का गेलो म्हणून विचारत होते. शेवटी मी पुढे, बायको मागे, असं आम्ही बाबांना उचललं. तिसऱ्या मजल्यापर्यंत कसे पोचलो ते आमचं आम्हाला माहीत. वळणावर खुर्ची भिंतीला घासली, बाबांचा पाय दबला आणि ते ओरडले. मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. खुर्ची तिथेच टेकवली.

खालून आवाज आला. "कोण आहे वर?"

काका होते. खिडकी रिकामी दिसली म्हणून रस्ता ओलांडून आले होते, आणि एक जिना चढून पहिल्या मजल्यावर बसले होते. त्यांचा श्वास आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होता. मध्ये दोन मजले. जिन्याच्या मधल्या पोकळीतून दोघं बोलले.

"बरंय ना?" काका म्हणाले.

"बरंय."

"केस फार वाढलेत म्हणे."

"तुझ्यासाठी ठेवलेत."

मग काका म्हणाले, "आणखी चढवत नाही रे."

"चढू नकोस," बाबा म्हणाले. "गाडी किती वाजता आहे?"

"सात."

"मग नीघ. वेळेत नीघ."

काका कठडा धरून उतरायला लागले. त्यांच्या चपलांचा आवाज बंद होईपर्यंत बाबांनी आम्हाला खुर्ची उचलू दिली नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी लिफ्ट सुरू झाली, अर्थात बायकोने पुन्हा फोन केला म्हणून. पहिल्या फेरीला बाबा, मी आणि लिफ्टवाला असे तिघं आत होतो. बाबा त्याला म्हणाले, "आणखी थोडं आधी आला असतात तर फार बरं झालं असतं."

"आलो होतो ना मागे गुरुवारी, भाग घेऊन," तो सहज म्हणाला. "यांच्याच मंडळींनी परत पाठवलं. काहीतरी कार्यक्रम होता."

तळमजला आला. दार उघडलं. बाबा वॉकर घेऊन बाहेर पडले, माझा हात न धरता रस्ता ओलांडला आणि दुकानासमोर उभे राहिले. शटर खाली होतं. 'जागा भाड्याने देणे आहे' असा कागद लावला होता. त्यांनी शटरकडे पाठ केली.

"ते परत पाठवायचं कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी. एकमताने."

"तूही होतास?"

"होतो."

"हात वर केलास?"

"केला."

त्यांनी मान हलवली. ऐकण्याच्या सरावात हलवतात तशी नव्हे. म्हणाले, "चल वर. कात्री काढ."

कपाटाच्या आरशासमोर त्यांना स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली. मी बॉबिनमध्ये अडकलेला दोरा चिमट्याने काढू शकतो, पण केसांत कात्री मला सरळ चालवता येईना. मी जमेल तसं कापलं, एका बाजूला जास्त गेले. "बाबा, चुकलं माझं," मी म्हणालो. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. चादरीवर पांढरे केस पडत राहिले.

संपल्यावर ते म्हणाले, "मागचं दाखव. तो मागे आरसा धरायचा."

घरात दुसरा आरसा नव्हता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि टीव्हीवरचं सन्मानचिन्ह उचललं. पितळ चांगलं चकाकत होतं. मी ते त्यांच्या मानेमागे धरलं, थोडं वर, थोडं तिरपं.

बाबा समोरच्या आरशात बराच वेळ निरखत राहिले.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "मध्ये तुझं नाव येतंय."